थडग्यांतील नाणीं व कालनिर्णय : सटन हू येथील पुराव्याची परीक्षा

थडग्यांत नाणें सांपडलें कीं थडग्याचा काळ सांपडला, अशी समजूत इतिहासाच्या अभ्यासकांतहि बरीच रूढ आहे. वस्तुतः नाण्याची साक्ष फार आंखूड असते. तें पाडलें जाण्यापूर्वीं तें थडगें बुजविलें गेलें नव्हतें, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. म्हणजे दफनाची पूर्वमर्यादा तेवढी मिळते. पाडल्यापासून पुरलें जाईपर्यंत तें कोणाच्या खजिन्यांत किती वर्षें पडून होतें, याविषयीं तें मुकें असतें. या मर्यादेचा विसर पडला म्हणजे काय होतें, हें इंग्लंडांत सफोक परगण्यांतील सटन हू येथें १९३९ सालीं उघडलेल्या नौका-समाधीच्या चर्चेवरून चांगलें दिसतें.

सुमारें २७ मीटर लांबीची ती नौका. लांकूड पार कुजून गेलेलें. लोखंडी खिळे व वाळूंत उमटलेला ठसा एवढेंच शिल्लक. शव आढळलें नाहीं. रत्नजडित झांकणाच्या थैलींत मात्र ३७ सुवर्णनाणीं, ३ कोऱ्या चकत्या व २ लहान लगडी निघाल्या. नाणीं फ्रँक लोकांच्या मेरोव्हिंजियन राज्यांतील असून प्रत्येक निराळ्या टांकसाळींतलें आहे. त्यांपैकीं एकावर दुसरा थ्यूदेबर्ट (५९५–६१२) या राजाचें नांव वाचतां येतें. बहुतेकांवर टांकसाळीचें गांव व नाणें पाडणाराचें नांव यांपलीकडे कालनिर्णयास उपयोगी असें कांहीं नाहीं.

चॅडविक यांनीं १९४० सालीं, मुख्यतः लिखित इतिहासाच्या आधारें, ही समाधि पूर्व-अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याची मानली. त्याचा मृत्यु ६२५ च्या सुमाराचा. नाणकशास्त्रज्ञांनीं नाण्यांचा संग्रह ६५०–६६० चा ठरविला, ग्रियर्सन यांनीं १९५२ सालीं त्यास दुजोरा दिला, आणि रेडवाल्ड मागें पडून ६५५ सालीं लढाईंत पडलेला एथेलहेअर पुढें आला. शव नव्हतेंच, तेव्हां रणांत हरवलेल्या राजाची ही रिकामी समाधि, असेंहि जुळून आलें! पुढें फ्रेंच पंडित लाफोरी यांनीं नाणीं त्याहून जुनीं असल्याचें प्रतिपादिलें, सोन्याचा कस तपासण्यांत आला, आणि १९७५ सालीं केंट यांनीं संग्रहाचा काळ ६२० ते ६२५ च्या आसपास आणला. रेडवाल्ड परत आला. मातींतील फॉस्फेटच्या परीक्षेनें तेथें शव असून आम्लधर्मी वाळूंत विरून गेलें असावें असें दिसल्यामुळें रिकाम्या समाधीची कल्पनाहि ढिली पडली. एका थैलीच्या जोरावर एक राजा समाधींतून उठविला गेला व पुन्हा तींत निजविला गेला.

केंट यांचा निर्णय पूर्वीच्यापेक्षां साधार आहे यांत शंका नाहीं. परंतु त्याचा पाया पाहिला पाहिजे. सातव्या शतकांत फ्रँक नाण्यांतील सोनें उत्तरोत्तर हीणकस होत गेलें, यावरून कसाचा क्रम लावतां येतो. पण हा क्रम सनांस बांधावयाचा तर राजनामांकित नाण्यांचा आधार घ्यावा लागतो, व तीं नाणीं थोडीं. दोन खुंट्यांमधील दोरी सैल असावी, तसा हा प्रकार आहे. त्यांत रेडवाल्डचें मृत्युवर्षहि बीडच्या ग्रंथावरून अनुमानानेंच काढलेलें. नाण्यांवरून राजा व राजावरून नाणीं ठरवूं लागल्यास अन्योन्याश्रय दोष येतो. स्टाल व ऑडी यांनीं १९९२ सालीं सुमारें ६१३ ही पूर्वमर्यादा देऊन त्यापुढें अधिक नेमकें सांगण्याचें टाळलें. प्रस्तुत लेखकास हाच पक्ष ग्राह्य वाटतो.

ज्या थडग्याचा धनी निःसंशय ठाऊक आहे, तेथें ही पद्धति ताडून पाहावी. तूर्ने येथें १६५३ सालीं फ्रँक राजा चिल्डेरिक याचें थडगें सांपडलें. नामांकित मुद्रिकेमुळें ओळख पटली. तो ४८१ किंवा ४८२ सालीं वारला. त्याच्याजवळ शंभरावर सुवर्णनाणीं होतीं. त्यांतील अखेरचीं झेनो बादशहाचीं (४७४–४९१), म्हणजे मेळ उत्तम बसतो. परंतु त्याच थडग्यांत सुमारें दोनशें रौप्यनाणींहि होतीं, व शिफ्ले यांनीं १६५५ सालीं वर्णिलेल्या त्यांतील नमुन्यांपैकीं बहुसंख्य पहिल्या-दुसऱ्या शतकांतील आहेत. सोनें चोरीस जाऊन तेवढें रुपेंच उरतें व मुद्रिका नसती, तर हा राजा दोन-तीन शतकें मागें ढकलला गेला असता. आणि चोरी ही कांहीं केवळ कल्पना नव्हे. १८३१ सालीं पॅरिसच्या राजग्रंथालयांतून या ठेव्याचा मोठा भाग खरोखरच चोरीस गेला.

आपल्याकडे नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ सालीं मिळालेल्या सुमारें १३,२५० नाण्यांत ९,२७० नहपानाचीं नाणीं गौतमीपुत्रानें पुन्हा ठसा मारलेलीं निघालीं. तेथें एका ठशावर दुसरा ठसा असल्यानें पूर्वापर निर्विवाद, व चालू चलनाचा ढीगच हातीं आलेला. सटन हूची थैली या जातीची नाहीं. ३७ नाण्यांस ३७ टांकसाळी हें यदृच्छेनें घडणें दुर्घट. कोणीं तरी वेंचून तीं एकत्र केलीं. ती निवड फ्रँक दरबारांत झाली कीं पूर्व-अँग्लियांत, व दफनापूर्वीं किती दिवस, हें ठरल्याखेरीज नाण्यांच्या काळास दफनाचा काळ म्हणतां येत नाहीं.

ग्रियर्सन यांनीं १९७० सालीं या निवडीचा हेतु सांगितला : ३७ नाणीं व ३ चकत्या मिळून ४० वल्हेकऱ्यांचें परलोकींचें भाडें, आणि २ लगडी सुकाणूं धरणाराच्या. उपपत्ति मोहक आहे. चकत्या घालून ४० ही संख्या मुद्दाम पुरी केली, एवढा तिचा पूर्वार्ध मान्य करण्यास हरकत नाहीं. पण नौकेच्या मध्यभागीं वल्हीं अडकविण्याच्या खुंट्यांच्या खुणा मिळालेल्या नाहींत. कदाचित् शवाची खोली उभारतांना त्या काढून टाकल्या असतील. सबब वल्हेकरी ४० होते हेंहि अनुमानच, आणि त्याचा आधार नाण्यांच्या संख्येस देतां येणार नाहीं.