पाच माणसं पुरेत, पण कोणती?

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कुठल्याही ऑफिसात युजर रिसर्चचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'पाच जणांवर टेस्ट करा, पुरे.' आज मला या वाक्यावर बोलायचंय. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. ते अर्धंच उचललेलं आहे. आणि जे सॉफ्टवेअर हॉस्पिटलात, वीज केंद्रात, छापखान्यात तीच तीच माणसं रोज आठ तास वापरतात, त्याला ते तसंच्या तसं लावलं तर घात होतो, एवढंच माझं म्हणणं.

आधी त्या वाक्याला न्याय देऊ. जेकब नील्सन आणि टॉम लँडॉअर यांनी १९९३ साली एक गणिती मांडणी केली. एक माणूस वापरून बघतो तेव्हा सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात, असं त्यांच्या अभ्यासातल्या प्रकल्पांतून निघालं. दुसऱ्याला त्यातल्याच बऱ्याच पुन्हा सापडतात, थोड्या नव्या. असं करत पाचव्या माणसापर्यंत साधारण ८५ टक्के. २००० साली नील्सन यांनी हेच एका सोप्या लेखात सांगितलं आणि पाचचा आकडा जगभर गेला. पण त्याच लेखात त्यांनी अटीही घातल्या होत्या. पंधरा जणांची एक मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन घ्या, आणि मधे दुरुस्ती करा. वापरणाऱ्यांचे गट अगदी वेगवेगळे असतील तर प्रत्येक गटातली माणसं घ्या. अटी गळून पडल्या, आकडा उरला. शिवाय ३१ टक्के ही सरासरी. २००१ मध्ये जेरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी खरेदीच्या वेबसाइट तपासल्या, तेव्हा पहिल्या पाच जणांना जेमतेम ३५ टक्के अडचणी सापडल्या.

पण माझी खरी तक्रार आकड्याबद्दल नाही. पाच की पंधरा हा वाद घालताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो : प्रत्येक अडचण चाचणीच्या त्या एका तासात कुणाच्या तरी वाट्याला येणारच. काही अडचणी त्या तासात येतच नाहीत. हात बसल्यावरच त्या येतात.

हात बसणं म्हणजे काय, हे आपल्याकडचा डीटीपी ऑपरेटर छान सांगेल. १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड ठरला. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, भारतीय लिप्यांना एकच मांडणी. नव्याने शिकणाऱ्याला तो सोपा. तरी टाइपरायटरवर रेमिंग्टन शिकलेल्या अनेकांनी रेमिंग्टन सोडला नाही. हा हट्ट नव्हे. त्यांची बोटं विचार न करता चालत होती. आणि बोटं विचार न करता चालतात, तेव्हा सॉफ्टवेअरची वेगळीच परीक्षा होते.

ती परीक्षा किती महाग पडू शकते, याचं उदाहरण म्हणजे थेरॅक-२५. कॅन्सरवर किरणोपचार करणारं हे यंत्र कॅनडाच्या एईसीएल या कंपनीचं. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्यातून सहा रुग्णांना प्रचंड जादा डोस गेला. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये त्याची सविस्तर चिकित्सा केली. सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांना ती अजूनही वाचायला लावतात. डिझाइन शिकणाऱ्यांनीही वाचायला हवी.

सुरुवात कुठे होते बघा. रुग्णाजवळ मशीनवर लावलेली मापं ऑपरेटरला बाहेर येऊन पडद्यावर पुन्हा टाइप करावी लागणार होती. ऑपरेटर म्हणाले, यात फार वेळ जातो. कंपनीने ऐकलं. मापं पुन्हा टाइप करायची नाहीत, फक्त रिटर्न दाबत जायचं, अशी सोय केली. म्हणजे वापरणाऱ्याचं म्हणणं विचारात घेतलं गेलं होतं! दोन ठिकाणची मापं जुळतात का, ही पडताळणी मात्र त्यामुळे नुसती बटण दाबण्यापुरती उरली. मागणी पुरवली, ती पुरवल्यावर हात काय करू लागतील, ते कुणी बघितलं नाही.

मार्च १९८६. टेक्सासमधलं टायलर गाव. ऑपरेटर अनुभवी होती. बहुतेक रुग्णांना एक्स-रे द्यायचे असत, म्हणून सवयीने तिने 'एक्स' दाबलं. हवं होतं 'ई', म्हणजे इलेक्ट्रॉन. चूक लगेच लक्षात आली. कर्सर वर नेऊन तिने अक्षर बदललं, बाकीच्या ओळींवर भराभर रिटर्न दाबलं आणि उपचार सुरू केला. यंत्राला चुंबकं जागेवर लावायला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्यात झालेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या एका भागाला कळलीच नाही. पडद्यावर आलं : 'मालफंक्शन ५४'. त्याचा अर्थ लागेल असं काही कुठे लिहिलेलं नव्हतं. डोस कमी गेल्याचं पडद्यावर दिसत होतं, म्हणून तिने पुढे चालू ठेवायचं 'पी' बटण दाबलं. रुग्णाला १८० रॅड द्यायचे होते. नंतरच्या अंदाजानुसार १६,५०० ते २५,००० गेले. पाच महिन्यांनी तो वारला. एप्रिलमध्ये तिथेच, तसंच, पुन्हा घडलं.

तिला दोष देण्याआधी हे ऐका. दुसऱ्या एका केंद्रातल्या थेरपिस्टने सांगितलं की काही दिवशी डोस कमी गेल्याचे सरासरी ४० इशारे येत. चाळीस वेळा काही बिघडत नाही, मग एक्केचाळिसाव्या वेळी माणूस काय करणार?

दुसऱ्या घटनेनंतर तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाने ऑपरेटरला बरोबर घेऊन तो बिघाड मुद्दाम घडवून दाखवला. कंपनीच्या इंजिनिअरने दुसऱ्या दिवशी कळवलं, आमच्याकडे होत नाही. त्याला सांगावं लागलं की हे सगळं खूप झपाट्याने टाइप करायचं. मग तिथेही झालं. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातलं आपल्या कामाचं वाक्य हेच आहे. ज्याने यंत्र बनवलं, त्याचा हात ते रोज वापरणाऱ्या बाईइतका वेगवान नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ अनुभवी माणसांनाच बोलवावं. थांबा. तोच दोष आधीच्या थेरॅक-२० या यंत्रातही होता. तिथे वेगळी यांत्रिक सुरक्षा होती, म्हणून फक्त फ्यूज उडत. शिकागोच्या विद्यापीठात लक्षात आलं की नवे विद्यार्थी आले की फ्यूज वारंवार उडतात, आणि काही आठवड्यांनी थांबतात. ते धीटपणे भलभलत्या क्रमाने बटणं दाबत. एकच दोष : टायलरमध्ये तो अनुभवी हाताने उघडा पाडला, शिकागोत नवशिक्या हाताने. म्हणून 'किती माणसं' हा प्रश्न दुसरा. 'कोणाचे हात, कोणत्या वेगाने, किती दिवस' हा पहिला.

थेरॅकचा मूळ रोग सॉफ्टवेअरच्या रचनेत होता आणि काढून टाकलेल्या यांत्रिक सुरक्षेत होता, हे मला मान्य. युजर रिसर्चने तो बरा झाला नसता. पण ऑपरेटरच्या शेजारी कुणी आठवडाभर वही घेऊन बसलं असतं, तर रोजचे ते इशारे आणि न बघता दाबलेलं 'पी' एवढं तरी वहीत आलं असतं. प्रश्न विचारून ते येत नाही, कारण ज्याची सवय झाली त्याबद्दल माणूस तक्रार करत नाही.

हे अशक्य नाही. १९८१ पासून स्वीडन-डेन्मार्कमध्ये 'युटोपिया' नावाचा प्रकल्प झाला. छपाई कामगारांच्या संघटना आणि संशोधक एकत्र बसले. वर्तमानपत्राची पानं लावणारी संगणक यंत्रणा कशी असावी, हे कामगारांनी पुठ्ठ्याचे आणि लाकडाचे नमुने हाताळून, त्यांवर प्रत्यक्ष काम केल्यासारखं करून दाखवलं. तिथे कामगार हा परीक्षेला बसलेला उमेदवार नव्हता. तो जाणकार होता.

आपल्या चाचण्यांत हेच उलटं होतं. तासाभरासाठी माणूस बोलावतो, शांत खोलीत बसवतो, 'सावकाश करा, घाई नाही' म्हणतो. त्याच्या खऱ्या कामात मात्र घाई असते, फोन वाजत असतो, बाहेर पुढचा पेशंट बसलेला असतो. घाईच काढून घेतली, तर तपासलं काय?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, पाच जण पुरे, तर हो म्हणा. मग विचारा : त्यांतल्या कितींना हे काम डोळे मिटून येतं? आणि ते घाईत असताना तुम्ही तिथे होतात का?