डीबीच्या झाकणाआड

अस्सल पैठणी पारखणारा पदर उलटून मागची बाजू पाहतो. घराचं वायरिंग पारखायचं तर मेन बंद करून डीबीचं, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीचं, झाकण काढायला लावावं. कशेळीतल्या एका नव्या इमारतीत, वायरमनचं काम संपत आलेलं असताना, तसा एक डीबी मला जवळून पाहायला मिळाला आणि माझा पाय तिथून निघेना. इतकं समजून केलेलं काम रोज दिसत नाही.

बाळकुमकडून खाडीपूल ओलांडला की कशेळी. जुन्या आग्रा रोडच्या आजूबाजूला गोदामं, त्यांच्यामागे उंच इमारती, रस्त्यात मेट्रो 5 चे खांब. इथे कुठे ना कुठे नव्या घरात स्प्रिंग टाकून वायरी ओढणं चालूच असतं. भिवंडी परिसरात 2007 पासून वीज वितरणाचं काम महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर करते, पण घरातल्या वायरिंगशी तिचा संबंध नाही. मीटरच्या पुढे, भिंतीच्या पोटात जे आहे ते वायरमनच्या हातचं, आणि त्याचं बरंवाईट घरात राहणाऱ्यांच्या वाट्याला.

आता डीबी पाहू. वरच्या रांगेत आधी दोन पोलचा आयसोलेटर, त्याला लागून आरसीसीबी, पुढे ओळीने एमसीबी: दिवे-पंख्यांना 10 अँपिअर, प्लगना 16, गीझर आणि एसीला 20. वायरीची जाडीही त्याच हिशेबाने 1.5, 2.5 आणि 4 चौरस मिलीमीटर. इथवर कुठल्याही बऱ्या कामात दिसेल. खरी गंमत खाली होती. तिसऱ्या एमसीबीतून निघालेल्या लाल वायरीची काळी जोडीदार न्यूट्रलच्या पट्टीत तिसऱ्याच स्क्रूखाली होती आणि त्याच सर्किटची हिरवी अर्थच्या पट्टीत तिसऱ्याच स्क्रूखाली. चौथ्याचं तसंच, पाचव्याचं तसंच. एरवी काळ्या वायरी हाताला येतील तशा खोचलेल्या असतात. मग दुरुस्तीच्या वेळी भलताच न्यूट्रल सुटतो आणि दुसऱ्याच खोलीचा पंखा थांबतो. इथे क्रम पाहूनच कळत होतं, कुठली काळी कुठल्या लालची.

रंग आपल्याकडे असे: सिंगल फेजच्या पक्क्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी किंवा हिरवी-पिवळी म्हणजे अर्थ. थ्री फेजमध्ये लाल, पिवळा, निळा हे तिन्ही फेज. ही इंग्रजी अमदानीतून आलेली वहिवाट. खुद्द ब्रिटनने 2004 मध्ये पक्क्या वायरिंगसाठी तपकिरी-निळी जोडी स्वीकारली आणि 2006 पासून नव्या कामांना ती सक्तीची केली. अमेरिकेत तर काळी वायर फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. न्यू जर्सीला मुलाकडे गेलेल्या बाबांनी इथल्या सवयीने काळ्या वायरीला हात लावला तर जिवावर बेतेल. जर्मनीत एके काळी लाल वायर अर्थची असे. रंगात मुळात काहीच नाही. तो लावणाऱ्याने पाळला तरच त्याला अर्थ.

सगळ्यात सुंदर कल्पना मात्र हिरव्या-पिवळ्या वायरीची. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तिच्या कुठल्याही 15 मिलीमीटरच्या तुकड्यावर एका रंगाने किमान 30 टक्के आणि जास्तीत जास्त 70 टक्के भाग व्यापलेला असावा लागतो, उरलेला दुसऱ्याने. म्हणजे वायर कुठेही कापा, कितीही छोटं टोक दिसू द्या, दोन्ही रंग डोळ्यांपुढे येणारच. ज्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही त्यालाही गडद-फिका पट्टा ओळखू येतो. अंधाऱ्या माळ्यावर, हातात बॅटरी घेऊन काम करणाऱ्या माणसाचा इतका विचार कुणीतरी आधीच करून ठेवला आहे, हे पाहून मन भरून येतं.

निळ्यापाशी मात्र ठेच लागते. मिक्सर, इस्त्री, फ्रिज यांच्या लवचीक वायरीत तपकिरी म्हणजे फेज आणि निळी म्हणजे न्यूट्रल. भिंतीतली निळी थ्री फेजमधला तिसरा फेज असू शकते, आणि काही वायरमन स्विचकडून दिव्याकडे जाणाऱ्या वायरीलाही निळी वापरतात. एकच रंग, एका जागी निरुपद्रवी मानलेला, दुसऱ्या जागी 230 व्होल्टचा. म्हणून नवा प्लग टॉप जोडताना वायरीच्या रंगाइतकंच प्लगवरच्या खुणांकडे पाहायचं: तपकिरी एल-वर, निळी एन-वर, हिरवी-पिवळी वरच्या जाड पिनला. ती अर्थची पिन लांबही असते. प्लग घालताना ती आधी लागते आणि काढताना शेवटी सुटते. समोरून पाहिल्यावर सॉकेटमध्ये उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल.

त्या डीबीतले स्क्रू पाहण्यासारखे होते. तांब्याची एकही तार बाहेर डोकावत नव्हती, एकही कापून कमी केलेली नव्हती, आणि प्लास्टिकचं कवच टर्मिनलच्या तोंडाशी नेमकं थांबलं होतं. प्रत्येक वायरीला थोडा झोल ठेवलेला, उद्या टोक जळालं तर कापून पुन्हा बसवता यावं म्हणून. खाडीकाठच्या दमट हवेत याला फार मोल. सैल स्क्रूखाली तांबं काळं पडतं, जोड तापतो, कवच वितळतं आणि आग बहुधा तिथूनच लागते. पाइपच्या आत टेप गुंडाळलेला जोडही नव्हता. सगळे जोड उघडता येतील अशा बॉक्समध्ये.

स्विचबोर्डांतही तीच शिस्त. स्विच प्रत्येक ठिकाणी फेजमध्ये. न्यूट्रलमध्ये स्विच टाकला तरी दिवा लागतो नि विझतो, त्यामुळे चूक वर्षानुवर्षं झाकून राहते. पण दिवा विझलेला असताना होल्डरमध्ये फेज जिवंतच असतो, आणि स्टुलावर चढून दिवा बदलणाऱ्याला तो गाठतो.

रंगावर विसंबू नये, हे उत्तम रंगसंगती पाळणारा वायरमनच आधी सांगतो. न्यूट्रल मागे कुठे तुटला असेल तर चालू दिव्यातून फेज काळ्या वायरीवर उतरतो. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही काही वायरींत वीज असते. म्हणून मेन बंद, इन्व्हर्टर बंद, मग टेस्टर आधी मेनबाहेरच्या जिवंत पॉइंटवर लावून तो चालतो ना हे पाहायचं, नंतर कामाच्या जागी तपासायचं आणि शेवटी पुन्हा जिवंत पॉइंटवर. डीबीतलं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचं. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये एकमेकांना जोडून 'अर्थिंग दिलं' म्हणणाऱ्याला दाराबाहेरच थांबवायचं. तसा न्यूट्रल तुटला की फ्रिजचं दार, गीझरची टाकी, सगळ्यावर फेज येतो.

एमसीबी माणसाला वाचवायला बसवलेला नसतो. तो वायरीला वाचवतो. 16 अँपिअर ओलांडल्याशिवाय त्याला चाड नाही, आणि माणसाचं हृदय बंद पाडायला त्याच्या कितीतरी कमी प्रवाह पुरतो. माणसासाठी आहे तो आरसीसीबी. घरातला सहसा 30 मिलीअँपिअरचा. जाणारा आणि परतणारा प्रवाह तो सतत ताडून पाहतो, आणि तेवढी गळती झाली की सेकंदाच्या तीन दशांशाच्या आत पुरवठा तोडतो. अर्थात त्याच्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून तो जागा आहे ना, हे पाहायला हवं.

वायरमनच्या कामाला आपल्याकडे दाद मिळत नाही, कारण प्लास्टरवर रंगाचा हात फिरला की ते दिसेनासं होतं. मला वाटतं, लाल, काळी आणि हिरवी वायर नेमून दिलेल्या जागी बसवणारा माणूस पुढे कधीतरी हा डीबी उघडणाऱ्या अनोळखी माणसाच्या जिवाची हमी घेत असतो. घराचा ताबा घेताना टाइल्सवर टिचकी मारून पाहता, नळ सोडून पाहता, तसंच वायरमनला डीबी उघडून दाखवायला सांगा. प्रत्येक एमसीबीवर कुठल्या खोलीचा तो, हे लिहून घ्या. काम असं जमलेलं दिसलं तर तिथेच उभं राहून त्याला मनापासून दाद द्या, आणि पुढचं घर घेणाऱ्यालाही त्याचाच नंबर द्या.