‘ह्याच्यासारखं आणखी काही’ : जपानी चित्रमालिका आणि आशयाचे नाते

‘ह्याच्यासारखं आणखी काही आहे का?’ हा वाचकाचा फार जुना प्रश्न आहे. गावातल्या वाचनालयात पुस्तक परत करताना आपण सर्वांनीच तो ग्रंथपालाला कधी ना कधी विचारलेला असतो. जाणता ग्रंथपाल क्षणभर आपल्याकडे पाही, मग कपाटाकडे वळे आणि जे पुस्तक काढून देई ते पुष्कळदा आपण मागितलेल्या जातीचे नसे. ऐतिहासिक कादंबरी मागावी आणि हाती आत्मचरित्र यावे. घरी जाऊन वाचल्यावर मात्र कळे, की आपल्याला हवे होते ते हेच.

हा प्रश्न गेल्या वर्षी मला एका वेगळ्याच वस्तूसंबंधी विचारला गेला. भोपाळच्या अवधपुरीत आमची वस्ती. भेलच्या कारखान्यामुळे आणि त्याआधी १९५६ साली राजधानी नागपूरहून भोपाळला आल्यामुळे ह्या शहरात मराठी घरे बरीच झाली. त्या घरांतली आजची मुले घरी मराठी, शाळेत हिंदी, वहीत इंग्रजी आणि रात्री मोबाइलवर चक्क जपानी ऐकतात. नववीतल्या एका विद्यार्थ्याची वही गणिताच्या बाईंनी माझ्याकडे पाठविली. मागच्या सगळ्या पानांवर कपाळाला पट्टा बांधलेल्या, गालांवर मिशांसारख्या रेघा असलेल्या एका मुलाची चित्रे होती. मी रागावण्याच्या तयारीत होतो, पण चित्रे चांगली होती. हा कोण, असे विचारले. ‘नारुतो,’ तो म्हणाला, आणि थोडे थांबून, ‘सर, मालिका संपली. ह्याच्यासारखं आणखी काही आहे का?’

मुख्याध्यापकाला सर्व काही ठाऊक असते अशी एक गोड समजूत ह्या वयातही काही मुलांत शिल्लक असते. ती मोडवेना. मी एका सहकाऱ्याच्या मुलाला विचारून ‘ड्रॅगन बॉल’चे नाव दिले. आठ दिवसांनी मुलगा परत आला. म्हणाला, ‘सर, मारामारी चांगली आहे. पण तो गोकू तर कायम मजेतच असतो.’

ह्या एका वाक्यात समीक्षेचा मोठा धडा आहे, हे मला दोन्ही मालिका थोड्या पाहिल्यावर उमगले. वरवर पाहिले तर ह्यांच्याइतके साम्य क्वचितच सापडेल. अकिरा तोरियामा ह्यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा १९८४ ते १९९५ ह्या काळात प्रसिद्ध झाली. मासाशी किशिमोतो ह्यांची ‘नारुतो’ १९९९ ते २०१४ ह्या काळात, त्याच साप्ताहिकात. दोन्हींचे नायक पोरके, दोघेही खादाड, दोघेही गुरूपाशी विद्या शिकणारे. इतकेच काय, गोकूला शेपूट असते आणि पौर्णिमेचा चंद्र पाहताच तो राक्षसी वानर होतो. नारुतोच्या पोटात नऊ शेपटांचा कोल्हा कोंडलेला असतो. यंत्राने जुळवणी करायची तर ह्या दोघांना शेजारी बसविण्यावाचून गत्यंतर नाही. आणि तरीही ती जुळवणी चुकीची! कारण गोकू पोरका असला तरी एकाकी नाही. पोरकेपण ही त्याच्या कथेची सुरुवात करून देणारी सोय आहे. नारुतोच्या कथेचा पोरकेपण हा विषय आहे.

गावावर चालून आलेला कोल्हा ह्या तान्ह्या मुलाच्या देहात बंद करण्यात आला. त्याने गाव वाचले. पण गावाला त्या मुलात कोल्हाच दिसत राहिला. लोक त्याच्याकडे पाहून नजर फिरवितात. तो खोड्या करतो, कारण रागावण्यासाठी का होईना, कोणीतरी आपल्याकडे पाहावे. परीक्षेत पुन्हापुन्हा नापास होतो. पहिल्याच भागात त्याला हे रहस्य कळते, आणि त्याच भागात त्याचा शिक्षक इरुका त्याच्यावर आलेला घाव स्वतःच्या पाठीवर घेतो. ह्या इरुकाचे आईवडील त्याच कोल्ह्याने मारलेले आहेत! गावातल्या कोणापेक्षाही ज्याला द्वेष करण्याचा अधिक अधिकार, तोच म्हणतो की हा कोल्हा नव्हे, हा आमच्या गावचा मुलगा आहे. आणि आपल्या कपाळीचा पट्टा काढून त्याच्या कपाळी बांधतो. पुढचे सातशेहून अधिक भाग ह्या एका कृतीचे भाष्य आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मराठी वाचकाला ही कथा अनोळखी वाटू नये. हस्तिनापूरच्या रंगमंडपात कुळ विचारले गेले आणि मान खाली गेली, तो कर्ण आपल्या ओळखीचा आहे. शिवाजी सावंतांचा ‘मृत्युंजय’ १९६७ साली आला आणि घराघरांत वाचला गेला, त्याचे एक कारण हेच, की नाकारले जाण्याचे दुःख ज्याला ठाऊक नाही असा माणूस विरळा. पण साम्य सांगून समीक्षक थांबला तर त्याचे काम अर्धेच झाले. कर्णालाही भर सभेत एकाने ‘आपला’ म्हटले. परंतु त्या आपलेपणाला किंमत होती. अंगदेशाचे राज्य मिळाले आणि जन्मभराचे ऋण डोक्यावर बसले. इरुकाचा पट्टा ऋण मागत नाही. ‘नारुतो’मध्येच गारा नावाचा दुसरा मुलगा आहे. त्याच्याही देहात असाच राक्षस कोंडलेला. ज्या मामाने त्याला मायेने वाढविले तोच एके रात्री त्याच्या जिवावर उठतो, आणि त्या रात्रीपासून तो मुलगा फक्त स्वतःवर प्रेम करायचे ठरवितो. नारुतो, गारा आणि कर्ण ह्या तिघांना शेजारी ठेवून पाहिले की सूत्र हाती येते. नाकारलेल्या मुलाला पहिल्यांदा ‘आपला’ कोण म्हणतो, आणि कोणत्या अटीवर म्हणतो, ह्यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते.

किशिमोतोंना हे सूत्र शेवटपर्यंत पेलले असे मात्र मला वाटत नाही. पुढे कळते, की हा पोर साधासुधा नसून गावाच्या चौथ्या प्रमुखाचा मुलगा आहे. त्याही पुढे पूर्वजन्माचे नाते निघते. कष्टाने मान मिळवू पाहणाऱ्या मुलाची कथा अखेरीस रक्ताच्या वारशाकडे झुकते. कर्णाच्या जन्माचे रहस्य कळते तेव्हा त्याची शोकांतिका गडद होते. नारुतोचे रहस्य उघडते तेव्हा ते बक्षिसासारखे उघडते. लोकप्रियतेचा हा कर आहे. तो आपल्याकडच्या लेखकांनीही भरलेला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सूत्र हाती धरून काय सुचवावे?

पहिले नाव ‘नात्सुमे युजिन्चो’, म्हणजे ‘नात्सुमेची मित्रवही’. युकी मिदोरिकावा ह्यांच्या चित्रकथेवरची ही मालिका २००८ साली सुरू झाली. नात्सुमेला भुतेखेते दिसतात. इतरांना ती दिसत नाहीत, म्हणून तो खोटारडा ठरतो आणि एका नातेवाइकाकडून दुसऱ्याकडे सरकविला जातो. शेवटी दूरच्या नात्यातले एक निपुत्रिक जोडपे त्याला घरी नेते. आजीने भुतांना हरवून त्यांची नावे एका वहीत डांबून ठेवली होती. हा नातू एकेकाचे नाव परत करीत जातो. मारामारी जवळजवळ नाही. बाहेरून ‘नारुतो’शी काडीचे साम्य नाही, आतून मात्र सख्खे नाते आहे. भाग बहुधा स्वतंत्र आहेत, त्यामुळे आपल्याकडची चांगली लघुकथा वाचावी तसे रोज रात्री एक पाहता येतात.

दुसरे, ‘सांगात्सु नो लायन’, २०१६ ते २०१८. चिका उमिनो ह्यांची मूळ कथा. अपघातात आईवडील आणि बहीण गमावलेला रेइ शोगी खेळतो. शोगी म्हणजे आपल्याच चतुरंगाच्या कुळातला जपानी बुद्धिबळाचा खेळ. वडिलांचे खेळाडू मित्र विचारतात, शोगी आवडते का? मुलगा खोटेच ‘हो’ म्हणतो, कारण ‘नाही’ म्हटले तर जायला घर नाही. ‘आपला’ म्हणवून घेण्याची अट इतक्या नेमकेपणाने फार थोड्या लेखकांनी दाखविली असेल. पुढे नदीकाठच्या तीन बहिणी त्याला विनाअट जेवायला वाढतात. दुसऱ्या हंगामात त्यांतली मधली बहीण छळल्या जाणाऱ्या मैत्रिणीची बाजू घेते आणि स्वतःच छळाची धनी होते. वर्गशिक्षिका डोळेझाक करते. ते भाग मी दोनदा पाहिले, आणि दोन्ही वेळा अस्वस्थ झालो.

तिसरे, नाओको यामादा दिग्दर्शित ‘कोए नो काताची’ हा २०१६ सालचा चित्रपट. येथे बाजू पालटते. ज्याला दुखावले त्याच्याबरोबरच, ज्याने दुखावले त्याचीही ही कथा आहे. बहिऱ्या मुलीचा छळ सगळा वर्ग करतो. चौकशीच्या दिवशी शिक्षक भर वर्गात एकट्या इशिदाकडे बोट दाखवितात आणि उद्यापासून तो मुलगा वाळीत पडतो. शिक्षकाचे एक बोट काय करू शकते, हे पाहून मला नागराज मंजुळे ह्यांच्या २०१३ सालच्या ‘फँड्री’तला शेवटचा दगड आठवला. तो जसा थेट प्रेक्षकावर येतो, तसे ते बोट माझ्यावर आले. ह्या चित्रपटात आत्महत्येच्या प्रयत्नाचे प्रसंग आहेत. पालकांनी तो मुलांच्या शेजारी बसून पाहावा, आणि नंतर बोलावे.

चौथे नाव आपल्या घरचेच. १९८९ साली जपानमध्ये ‘जंगल बुक’ची बावन्न भागांची मालिका निघाली. १९९३ साली दूरदर्शनवर ती हिंदीतून आली. शीर्षकगीत गुलजार ह्यांचे, संगीत विशाल भारद्वाज ह्यांचे, आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. जपानी चित्रमाला म्हणून तिच्याकडे त्या वेळी कोणी पाहिले नाही. किपलिंगच्या मोगलीचे रान ते सिवनीचे, म्हणजे आपल्याच पट्ट्यातले. छिंदवाडा, बालाघाट, बैतूल, बऱ्हाणपूर ह्या भागांत वाढलेल्या मराठी मुलाला मोगलीची अडचण समजावून सांगावी लागत नाही. लांडग्यांत तो माणूस, माणसांत तो लांडगा. आपण इकडे ‘महाराष्ट्रवाले’ आणि तिकडे गेलो की ‘हिंदीवाले’. मोगलीला दोन्हीकडच्या बोली येतात. कथेत ती त्याची उणीव नाही, ते त्याचे बळ आहे. दोन भाषांच्या घरांनी ही मालिका पुन्हा काढून पाहावी, ती ह्यासाठी.

आज पडदा स्वतःच सुचवितो, ‘हे पाहिलेत, आता ते पाहा.’ त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण काय काय पाहिले आणि किती वेळ पाहिले, ह्याचा हिशेब तो ठेवतो. कोणत्या क्षणी आपले डोळे भरून आले, हे विचारणारा माणूस मात्र शेजारी लागतो. भवभूतीला ज्या समानधर्म्याची प्रतीक्षा होती, तो कवीला जसा हवा असतो तसाच रसिकालाही हवा असतो. मी त्या मुलाला ‘ड्रॅगन बॉल’ दिले तेव्हा त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. दुसऱ्यांदा विचारला. त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, ‘तो सर पट्टा बांधतो तेव्हा.’ वडील गेल्यापासून हा मुलगा मामांकडे राहतो, हे मला त्या दिवशी कळले. तीन वर्षे तो आमच्या शाळेत होता.

तेत्सुको कुरोयानागी ह्यांची ‘तोत्तोचान’ पुष्कळ मराठी घरांत आहे. २०२३ साली शिन्नोसुके याकुवा ह्यांनी तिच्यावर चित्रपट केला, आणि माझ्या यादीतले शेवटचे नाव तेच. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली मुलगी आगगाडीच्या डब्यांतल्या शाळेत येते, आणि मुख्याध्यापक कोबायाशी तिचे सारे बोलणे ऐकून घेतात. पुस्तकात म्हटल्याप्रमाणे तब्बल चार तास. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसणाऱ्याला हा प्रसंग सहज पचत नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी मुलगा ‘नात्सुमे’ संपवून आला. ह्या वेळी मी त्याच्या हाती ‘मृत्युंजय’ ठेवले. जाड आहे, म्हणून कुरकुरला. त्याचे मराठी वाचन सावकाश चालते. शंभरेक पाने झाल्यावर येऊन म्हणाला, ‘सर, कर्णाला इरुका का नाही भेटला?’

मी म्हटले, ‘घरात भेटला होता. राधा आणि अधिरथ. त्याला तो बाहेर हवा होता.’

तो काही बोलला नाही. पुस्तक घेऊन गेला, आणि अजून परत केलेले नाही.