खोट्या कागदांची वेगळी रांग

'कोडेक्स दिप्लोमातिकुस एत एपिस्तोलारिस रेग्नी बोहेमिए'. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण पुस्तक काय आहे ते सांगणं सोपं आहे. बोहेमियाच्या म्हणजे आजच्या चेक देशाच्या जुन्या सनदा, दानपत्रं आणि पत्रं त्यात कालक्रमानं छापली आहेत. पहिला खंड गुस्ताव फ्रीड्रिख यांनी १९०४ ते १९०७ मध्ये काढला. त्यात ८०५ ते ११९७ पर्यंतचे कागद आहेत. पुढचे खंड एकविसाव्या शतकातही निघालेत.

सलग वाचायला घेतलंत तर कंटाळाल, हे आधीच सांगतो. बऱ्याच नोंदींत मूळ मजकूर दहा ओळींचा आणि त्याची कुंडली त्याहून मोठी. अस्सल की नक्कल? कुठं ठेवलाय? शिक्का कसा? अक्षर कुणाचं? मला मात्र हाच भाग आवडतो. ऑफिसात दुसऱ्याचा कोड हातात आला की आपण आधी कमिट हिस्ट्री उघडतो. चेक लोक ज्याला दिप्लोमातिका म्हणतात (परराष्ट्र खात्याशी याचा काही संबंध नाही), ती विद्या कागदाशी तसंच वागते. कागद काय म्हणतो ते नंतर. तो कुणी, कुणासाठी, कुठल्या दफ्तरात तयार केला, हे आधी.

या खंडातला माझा आवडता भाग म्हणजे बनावट आणि संशयास्पद कागदांची वेगळी रांग. फ्रीड्रिखनी ते फेकून दिले नाहीत. प्रागजवळच्या ब्र्झेव्हनोव मठाची स्थापनेची सनद ९९३ सालची म्हणून मिरवते, पण ती तयार झाली १३व्या शतकात. ९९३बद्दल तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. पण १३व्या शतकातल्या मठाला कुठले हक्क सिद्ध करायची गरज पडली होती, याची ती चांगली साक्षीदार आहे.

ही रांग न ठेवल्यावर काय होतं, ते शेजारच्या मोरावियानं भोगलं. आंतोनीन बोचेक या इतिहासकारानं १८३६ पासून मोरावियाच्या सनदांचा असाच संग्रह काढायला घेतला. त्याच्या कामाला सरकारदरबारी मान होता. पण त्यानं अस्सल कागदांमध्ये स्वतः रचलेले कागद मिसळले. काहींसाठी त्यानं दाखला दिला तो दिवंगत प्राध्यापक मोन्से यांच्या संग्रहाचा. संपादकच खोटं घुसवतोय म्हटल्यावर पकडणार कोण? १९३६ मध्ये यिंद्रझिख शेबानेक यांनी १३०६ पर्यंतच्या बनावट कागदांचा छडा लावला. तोवर कितीतरी गावांचा 'पहिला लेखी उल्लेख' बोचेकच्या कागदांवर उभा होता. गावच्या वर्धापनदिनाचं सालच खोटं निघालं, तर त्या गावानं काय करायचं?

इथवर मी या पद्धतीचा चाहता आहे. माझी तक्रार पुढं आहे.

लितोम्येर्झित्से गावातलं संत स्तेफानचं धर्मपीठ १०५७च्या सुमारास स्पितिह्न्येव दुसरा या ड्यूकनं स्थापलं. त्याच्या लॅटिन सनदेत पुढं कुणीतरी चेक भाषेत भर घातली. ही भर साधारण १३व्या शतकाच्या सुरुवातीची मानतात आणि सर्वांत जुनं चेक वाक्य म्हणून ती प्रसिद्ध आहे. त्यात मजकूर इतकाच: पावेलनं प्लोस्कोवित्सेतली जमीन दिली, व्लाखनं दोलासमधली, देवाला आणि संत स्तेफानला, सोबत दोन माणसं. बोगुचेय आणि सेडलाता. अशांना 'दुश्निक' म्हणत, म्हणजे आत्म्याच्या कल्याणासाठी देवस्थानाला दिलेला माणूस. भाषेचं पहिलं वाक्य, आणि त्यात जमिनीबरोबर माणसं दिली जातायत.

दिप्लोमातिका या कागदाला दोन प्रश्न विचारते: देणारा कोण, घेणारा कोण. त्या काळात राजाचं दफ्तर नीट बसलेलं नव्हतं, कागद बरेचदा घेणाराच लिहून घ्यायचा. हा फरक ओळखणं हे या विद्येचं मोठं यश आहे, आणि शेबानेक व साशा दुश्कोवा यांनी लेखनिकांची अक्षरं वेगळी काढण्यात आयुष्य घातलं. पण बोगुचेय देणाराही नाही आणि घेणाराही नाही. त्याचं अक्षर नाही, शिक्का नाही. अशा माणसांवर सामाजिक इतिहासकार लिहितात हे खरं, पण या ग्रंथाच्या आराखड्यात त्यांना जागा नाही. ज्यानं लिहिलं त्याचा शोध घेता घेता ज्याच्यावर लिहिलं तो मजकुरातच राहून जातो.

पुस्तक छापील होतं तोवर हे समजण्यासारखं होतं, कागद महाग होता. आता जुन्या खंडांचे स्कॅन फोनवर उघडतात आणि डेटाबेसमध्ये एक रकाना वाढवायला एक दुपार पुरते. देणारा, घेणारा आणि त्याशेजारी 'दिला गेलेला'. लितोम्येर्झित्सेच्या नोंदीत तिथं दोन नावं लगेच भरता येतील.