घ्राणचेतापेशींचे अर्बुद : वर्गीकरण व उपचारांच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना : नाकाच्या छताशी असलेल्या घ्राणस्तरातून उद्भवणारा 'ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा' हा एक दुर्मिळ कर्करोग होय. बर्जर व ल्यूक या फ्रेंच वैद्यकांनी १९२४ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. त्यास शतक उलटले, तथापि त्याच्या निदानाविषयीचे व वर्गीकरणाविषयीचे मतभेद मिटलेले नाहीत.

निदान : एका बाजूचे नाक चोंदणे व त्यातून वारंवार रक्त येणे ही प्रमुख लक्षणे होत. ती सर्वसाधारण असल्याने साधा पॉलिप समजून कालापव्यय होतो. सी.टी. स्कॅनमध्ये हाडाची झीज, तर एम.आर.आय.मध्ये मेंदूच्या आवरणापर्यंतचा प्रसार कळतो. परंतु अंतिम निर्णय बायोप्सीवरच अवलंबून असतो. लिम्फोमा, ईविंग सार्कोमा इत्यादींच्या पेशीही सूक्ष्मदर्शकाखाली अशाच लहान व गोल दिसतात. त्यामुळे सिनॅप्टोफायसिन, एस-१०० आदी चाचण्यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो.

वर्गीकरण : कॅडिश यांची १९७६ ची पद्धत सुटसुटीत आहे. नाकापुरते मर्यादित अर्बुद 'ए', सायनसपर्यंत पोहोचलेले 'बी' व त्यापलीकडे गेलेले 'सी'. मात्र 'सी' गटात चाळणीसारखे हाड किंचित झिजविणारे व थेट मेंदूत शिरलेले अर्बुद एकत्र येतात, हा तिचा मूलभूत दोष होय. मोरिटा व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मानेतील गाठी व दूरस्थ प्रसारासाठी 'डी' गट जोडला. तरीही निकष प्रसाराचाच राहिला. हायम्स यांची श्रेणी पेशींच्या स्वरूपावर आधारित आहे. रोग कोठवर पोहोचला हे पहिली पद्धत सांगते, तर तो किती आक्रमक आहे हे दुसरी. यांपैकी एकीचीच नोंद करणे अपुरे होय.

उपचार : शस्त्रक्रिया व त्यानंतर किरणोपचार हा सर्वमान्य मार्ग आहे. कवटी उघडून करावयाच्या शस्त्रक्रियेपेक्षा दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष अनेक अहवालांत सरस दिसतात. परंतु दुर्बिणीसाठी बहुधा लहान अर्बुदेच निवडली जातात. त्यामुळे ही तुलना समान पातळीवरील ठरत नाही. शिवाय हा रोग १० वर्षांनंतरही उलटू शकत असल्याने ५ वर्षांच्या जीवितमानावर यश ठरविणे दिशाभूल करणारे आहे.

निष्कर्ष : रोग दुर्मिळ असल्याने एका रुग्णालयातील अनुभव नेहमीच तोकडा राहणार. म्हणून गट व श्रेणी या दोहोंची एकसमान नोंद, अनेक संस्थांची एकत्रित माहिती व दीर्घकालीन पाठपुरावा यांशिवाय उपचारांविषयीचे कोणतेही विधान निर्णायक मानता येणार नाही.