अमॅल्गम कॉमिक्स

अमेरिकेतील डीसी कॉमिक्स व मार्व्हल कॉमिक्स ह्या दोन प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थांनी आपापल्या नायकनायिकांचे संयोग करून १९९६ व १९९७ ह्या वर्षांत प्रसिद्ध केलेली चित्रकथामालिका. रसायनशास्त्रात ‘अमॅल्गम’ म्हणजे पारदमेल, पाऱ्याचे अन्य धातूशी झालेले मिश्रण. मालिकेत एकूण २४ स्वतंत्र अंक निघाले; प्रत्येक वर्षी १२ व त्यांपैकी निम्मे प्रत्येक संस्थेचे, अशी वाटणी होती. सुपरमॅन आणि कॅप्टन अमेरिका ह्यांपासून ‘सुपर सोल्जर’, बॅटमॅन आणि वुल्व्हरिन ह्यांपासून ‘डार्क क्लॉ’, सुपरबॉय आणि स्पायडर-मॅन ह्यांपासून ‘स्पायडर-बॉय’, तर वंडर वूमन आणि स्टॉर्म ह्यांपासून ‘अमॅझॉन’ अशी संमिश्र पात्रे तयार करण्यात आली.

दोन देवतांचे एकरूप कल्पिण्याची प्रथा पुरातन आहे. शैव व वैष्णव ह्या भिन्न संप्रदायांच्या उपास्यांना एका मूर्तीत आणणारे हरिहराचे रूप भारतीय वाचकाच्या परिचयाचे आहे. मात्र हरिहराच्या मूर्तीत दोन्ही अर्धे शेजारी शेजारी स्पष्ट दिसतात आणि ते कोणाच्याही मालकीचे नसतात. अमॅल्गममधील पात्रांत दोन्ही मूळ नायक तिसऱ्यात विरून जातात आणि त्या दोघांवर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचा कायदेशीर हक्क असतो. ह्या प्रयोगाचे वाङ्‌मयीन गुणदोष बऱ्याच अंशी ह्या दुसऱ्या गोष्टीशी निगडित आहेत.

दोन्ही संस्थांच्या सहकार्याचा इतिहास १९७० नंतरच्या दशकातील आहे. जेरी कॉनवे ह्यांनी लिहिलेली व रॉस अँड्रू ह्यांनी चित्रित केलेली सुपरमॅन व स्पायडर-मॅन ह्यांच्या भेटीची कथा १९७६ मध्ये मोठ्या आकारात प्रसिद्ध झाली. त्यानंतर १९८१ मध्ये बॅटमॅन व हल्क आणि १९८२ मध्ये एक्स-मेन व टीन टायटन्स एकत्र आले. १९८३ च्या सुमारास जस्टिस लीग व ॲव्हेंजर्स ह्यांची संयुक्त कथा मात्र संपादकीय मतभेदांमुळे बारगळली. ती वेगळ्या स्वरूपात २००३-०४ मध्येच अवतरली. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत संग्राहकांच्या सट्टेबाजीने फुगलेली अमेरिकन चित्रकथांची बाजारपेठ कोसळली आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रतिस्पर्ध्यांना एकत्र आणणाऱ्या ह्या उपक्रमामागे अशी आर्थिक निकड होती.

मालिकेची चौकट डीसी विरुद्ध मार्व्हल (१९९६) ह्या चार अंकी कथेने पुरविली. तिचे लेखन रॉन मार्झ व पीटर डेव्हिड ह्यांनी आणि चित्रण डॅन जर्गन्स व क्लॉडिओ कास्तेल्लिनी ह्यांनी केले. दोन विश्वांचे प्रतिनिधी असलेले दोन विराट बंधू परस्परांशी झगडतात आणि त्यासाठी आपापल्या वीरांना लढावयास लावतात, अशी तिची कल्पना आहे. पाच प्रमुख द्वंद्वांचा निकाल वाचकांच्या मतदानाने ठरविण्यात आला. सुपरमॅन व बॅटमॅन तसेच स्टॉर्म, स्पायडर-मॅन व वुल्व्हरिन विजयी झाले. लोकप्रियतेच्या मोजणीला कथेची कारणपरंपरा जोडताना लेखकांची झालेली कुचंबणा जागोजागी जाणवते. लोबो व वुल्व्हरिन ह्यांची झुंज तर मद्यालयातील मेजामागे, वाचकाच्या दृष्टीआड उरकली जाते. तिसऱ्या अंकाच्या अखेरीस दोन्ही विश्वे एकत्र मिसळतात, आणि तिसऱ्या व चौथ्या अंकांच्या दरम्यान पहिले १२ अमॅल्गम अंक विक्रीस आले. चौथ्या अंकात ‘ॲक्सेस’ ह्या दोन्ही संस्थांच्या सामाईक मालकीच्या पात्राच्या साहाय्याने विश्वे पुन्हा वेगळी होतात.

ह्या संयोगांचा दर्जा सारखा नाही. काही ठिकाणी नावांची कोटी व पोशाखांची जोडणी ह्यांपलीकडे कल्पकता जात नाही. लोबो आणि हॉवर्ड द डक ह्यांपासून बनविलेला ‘लोबो द डक’ हे त्याचे ढोबळ उदाहरण होय. लॅरी हामालिखित डार्क क्लॉ लोकप्रिय ठरला, तरी त्याच्या घडणीत एक उणीव आहे. बॅटमॅनचे सामर्थ्य आत्मसंयमात, तर वुल्व्हरिनचे आकर्षण अनावर पशुवृत्तीशी चाललेल्या त्याच्या झगड्यात आहे. ह्या दोन प्रवृत्तींचा एकाच मनात संघर्ष घडविण्याची संधी असताना, कथेत दोघांचा काळोखी बाह्यवेष तेवढा एकत्र येतो. जॉन बर्न ह्यांच्या अमॅझॉनमध्ये ओरोरो ही वीरांगना अमॅझॉन स्त्रियांच्या बेटावर वाढते. तिची पर्जन्य-वाऱ्यावरील सत्ता शाबूत राहते. परंतु मूळ पात्राला वेगळेपण देणारी तिची आफ्रिकी पार्श्वभूमी जवळजवळ पुसली जाते.

ह्याउलट मार्क वेड व डेव्ह गिबन्स ह्यांचा सुपर सोल्जर हा दोन जन्मकथांच्या अंतर्गत साम्यातून निर्माण झाला आहे. १९३८ मध्ये परग्रहावरून आलेले यान कोसळते. त्यातील अर्भक मृत असते. त्याच्या पेशींच्या आधारे सिद्ध केलेले द्रव्य क्लार्क केंट ह्या मानवी तरुणास दिले जाते आणि महायुद्धानंतर तो अनेक दशके हिमात गोठून राहतो. जेरी सीगल (१९१४–९६) व जो शूस्टर (१९१४–९२) ह्यांचा सुपरमॅन हा दुरून येऊन अमेरिकेत रुजलेला पोरका मुलगा. जो सायमन (१९१३–२०११) व जॅक कर्बी (१९१७–९४) ह्यांचा कॅप्टन अमेरिका हा प्रयोगशाळेत बलवान झालेला दुबळा नागरिक. पहिला महामंदीच्या उत्तरार्धात, तर दुसरा अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वी नाझीवादाविरुद्ध अवतरला. दोघांचेही निर्माते स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील होते. परक्या बालकाच्या मृत्यूतून देशभक्त वीराचा जन्म होतो, ही कल्पना ह्या दोन आकांक्षांना जोडते आणि त्यांची किंमतही दाखविते.

कृत्रिम भूतकाळ हे मालिकेचे दुसरे वैशिष्ट्य होय. हे अंक जणू दीर्घकाळ चालत आलेल्या मालिकांतील आहेत, असा आव त्यांत आणलेला आहे. कधीच न छापलेल्या मागील अंकांचे हवाले तळटीपांत येतात. काल्पनिक वाचकांची पत्रेही छापलेली आढळतात. हे विडंबन मार्मिक आहे. अमेरिकन वीरकथांचे गांभीर्य पुष्कळदा प्रत्यक्ष कथेपेक्षा मागील शेकडो अंकांच्या ओझ्यावर उभे असते. ते ओझे केवळ आभासानेही निर्माण करता येते, हे ह्या तळटीपांनी दाखवून दिले. रॉन मार्झ व होसे लुईस गार्सिया-लोपेस ह्यांच्या डॉक्टर स्ट्रेंजफेटमध्ये हाच विषय गंभीर रूप धारण करतो. आपले विश्व जोडून बनविलेले आहे हे ज्ञात असलेला हा मांत्रिक ते विभागले जाऊ नये म्हणून धडपडतो. आपले जग कृत्रिम असले, तरी त्यात जगणाऱ्यांना ते टिकावे असे वाटते, हा करुण विचार येथे व्यक्त झाला आहे.

मालिकेतील सर्वांत अर्थपूर्ण अंक १९९७ मधील आहेत व त्यांचे नाते जॅक कर्बी ह्यांच्याशी आहे. कर्बी ह्यांनी डीसीसाठी १९५७ मध्ये चॅलेंजर्स ऑफ द अननोन हे विमान-अपघातातून बचावलेल्या चार साहसवीरांचे पथक चितारले. मार्व्हलमध्ये १९६१ साली स्टॅन ली (१९२२–२०१८) ह्यांच्यासह त्यांनी अंतराळप्रवासातील दुर्घटनेने पालटलेल्या चौघांचे फँटॅस्टिक फोर निर्माण केले. कार्ल केसेल व टॉम ग्रमेट ह्यांचा चॅलेंजर्स ऑफ द फँटॅस्टिक ह्या दोहोंना एकत्र आणतो. तसेच १९६२ पासून मार्व्हलमध्ये थॉर रेखाटणारे कर्बी १९७० मध्ये डीसीकडे गेले व पुढील वर्षी त्यांनी न्यू गॉड्सचा आरंभ केला. तेथे जुन्या देवांच्या विनाशानंतर ओरायन आदी नवे देव उदयास येतात. हे जुने देव म्हणजे थॉरच्या कथांतीलच देव होत, असा अन्वयार्थ लावला जातो. कीथ गिफेन व जॉन रोमिटा (कनिष्ठ) ह्यांच्या थॉरियनमध्ये थॉर आणि ओरायन एक होतात. एकाच कलावंताच्या प्रतिभेचे जे दोन तुकडे त्याच्या नोकरीतील स्थित्यंतरामुळे दोन कंपन्यांत विभागले गेले, ते येथे पुन्हा सांधले गेले आहेत. त्या वेळी कर्बी हयात नव्हते.

सीगल व शूस्टर ह्यांनी १९३८ मध्ये १३० डॉलरना सुपरमॅनचे हक्क विकले. कर्बी ह्यांच्या वारसांचा मार्व्हलशी चाललेला हक्कविषयक वाद २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. उलट, ‘सुपरहीरो’ ह्या शब्दाचे व्यापारचिन्हदेखील अनेक दशके डीसी व मार्व्हल ह्यांच्या संयुक्त नावावर होते. ते २०२४ मध्ये रद्द झाले. म्हणजे ह्या दोन संस्थांचे वैर वाचकांपुढे मिरविले जात असताना मालकीच्या प्रश्नावर त्यांचे हितसंबंध एकच होते. संमिश्र पात्रेही त्या सामाईक मालकीत अडकली. दोघांच्या संमतीवाचून त्यांचा वापर करणे कोणालाच शक्य नव्हते. आरंभीच्या संकलनांनंतर, २०२४ मधील बृहद्‌खंडांमुळे ही मालिका नव्या वाचकांपर्यंत पोहोचली. २०२५ मध्ये बॅटमॅन व डेडपूल ह्यांच्या भेटीने दोन्ही संस्थांचे संयुक्त प्रकाशनही पुन्हा सुरू झाले.

अमॅल्गम कॉमिक्सचा बराचसा भाग व्यापारी क्लृप्ती व करमणूक ह्यांत जमा होतो, आणि २४ अंकांतील थोडेच स्वतंत्र कथा म्हणून टिकण्यासारखे आहेत. तथापि लोकप्रिय वीरकथांमधील पात्रे एकमेकांशी किती जवळच्या नात्याने बांधलेली आहेत आणि त्यांच्यातील सीमा कल्पनेपेक्षा करारपत्रांनी किती आखल्या आहेत, हे ह्या मालिकेइतक्या स्पष्टपणे अन्य क्वचितच कोठे दिसून येते.