‘गुड्डी’ : व्यामोह, भक्ती आणि उपचार

नटावर जीव टाकणारा प्रेक्षक सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीने बहुधा अपयशी प्रेक्षक ठरत आला आहे. कलानुभवासाठी आवश्यक मानलेले मानसिक अंतर त्याला राखता येत नाही. नट आणि भूमिका, लौकिक आणि अलौकिक यांची तो सरमिसळ करतो, हा त्याच्यावरील आक्षेप. हृषीकेश मुखर्जी दिग्दर्शित ‘गुड्डी’ (१९७१) हे वरकरणी याच आक्षेपाचे कथारूप आहे. गुलजारलिखित या चित्रपटातील शाळकरी कुसुम ऊर्फ गुड्डी (जया भादुरी) धर्मेंद्रवर अनुरक्त आहे. वहिनीचा भाऊ नवीन (समित भांजा) तिला मागणी घालतो तेव्हा ती नकार देते. मग मामा, प्राध्यापक गुप्ता (उत्पल दत्त), खुद्द धर्मेंद्रच्याच साहाय्याने तिला चित्रसृष्टीची पडद्यामागील बाजू दाखवतात आणि अखेरीस ती लग्नाला राजी होते.

या कथेचा कणा उपचाराचा आहे. परंतु रोग कोणता, याविषयी चित्रपटातच एकवाक्यता नाही. दोन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे हे ध्यानात येते. प्राण धर्मेंद्रला आपले घड्याळ भेट देऊ लागतो, तेव्हा गुड्डी घाबरून धर्मेंद्रला सावध करते. पडद्यावरचा खलनायक तिच्या लेखी प्रत्यक्षातही खलच असतो. इथे भूमिका आणि माणूस यांतील भेद तिला कळत नाही, हे खरे. मात्र आपल्या प्रेमाचे स्वरूप सांगताना ती मीरेचा दाखला देते, तेव्हा ती अशी गफलत करीत नाही. आपला आराध्य लाभणार नाही, हे त्या दाखल्यात गृहीतच आहे. मीरेचे नाव घेणे म्हणजे प्राप्तीची अपेक्षा न धरता प्रेम करण्याची, आणि त्या प्रेमाच्या बळावर ठरलेला संसार नाकारण्याची एक मान्यताप्राप्त भाषा उचलणे होय. वडील, भाऊ आणि वहिनी यांच्या घरात, शाळा आणि लग्न यांच्या मधल्या चिंचोळ्या अवकाशात, या मुलीला ‘नाही’ म्हणण्यासाठी दुसरी कोणती भाषा उपलब्ध होती?

चित्रपट पहिल्या गुड्डीवर उपचार करतो आणि दुसरी बरी झाली असे जाहीर करतो. स्टुडिओत तिला दिसते ते खरोखर डोळे उघडणारे आहे : नायकाच्या जागी धोका पत्करणारे बदली नट, आणि नायक होण्याच्या ध्यासाने घरातून पळून आलेला, आता एक्स्ट्रा म्हणून हाल सोसणारा कुंदन (असरानी). प्रतिमेमागील श्रमांचे हे दर्शन चित्रपटाचा सर्वांत मोलाचा भाग होय. पण या ज्ञानातून नवीनशी विवाह हा निष्कर्ष निघतो कसा? नट सामान्य माणूस आहे, एवढे सिद्ध झाल्याने सामान्य माणूस वरणीय ठरत नाही. तर्कातील ही फट कुटुंबाच्या समाधानाने बुजवली आहे. माधव प्रसाद यांनी हिंदी चित्रपटाच्या विचारसरणीवरील १९९८ च्या ग्रंथात ‘गुड्डी’चा विचार मध्यमवर्गीय चित्रपटाच्या संदर्भात केला आहे. ती वर्गीय चौकट उपयुक्त आहेच. तथापि तेवढ्याने मीरेचा दाखला उलगडत नाही.

उपचार करणारा हात कोणाचा, हेही पाहण्याजोगे आहे. धर्मेंद्र ‘धर्मेंद्र’ची भूमिका करतो, आणि ती इतक्या सौजन्याने, की मोहभंगाच्या या कथेतून बाहेर पडणारा प्रेक्षक त्याच्यावर अधिकच लुब्ध होतो. त्याहून सूचक प्रसंग उजाड स्टुडिओतला. तेथे तो बिमल रॉय यांच्या आठवणीने हळवा होतो. ‘बंदिनी’ (१९६३) या बिमल रॉय यांच्या चित्रपटात त्याने काम केले होते. मुखर्जी स्वतः रॉय यांच्याकडे संकलक म्हणून घडले. म्हणजे हा संवाद भक्तांनीच उभा केलेला आहे. त्यांच्या भक्तीला कोणी रोग म्हणत नाही; तिला गुरुऋण म्हटले जाते. दिलीपकुमारांवरील धर्मेंद्रची निस्सीम भक्ती सर्वश्रुत आहे, आणि तिचे पर्यवसान व्यवसायात झाले. कुंदनच्या वाट्याला यश आले नाही, तरी ध्यासामागे घर सोडण्याची मुभा त्याने निदान घेतली. गुड्डीच्या भक्तीला मात्र एकच सन्मान्य शेवट नेमून दिलेला आहे. (प्राध्यापकमामांच्या खेळकर शहाणपणाला टाळी देताना विद्यापीठीय समीक्षकानेही जरा सावध असावे, आस्वादकाला शहाणे करण्याचा हा उत्साह त्याच्याही परिचयाचा आहे.)

जया भादुरी यांचा अभिनय या मांडणीला सतत अडवतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या या अभिनेत्रीने गुड्डीला हास्यविषय होऊ दिलेले नाही. तिच्या हट्टात अज्ञानाइतकीच एक निश्चयी समजही दिसते, आणि शेवटच्या होकारापेक्षा आधीचा नकारच स्मरणात अधिक राहतो.

सिनेमाच्या वेडातून एका मुलीला सोडवू पाहणाऱ्या या चित्रपटातील शाळेची प्रार्थना, वसंत देसाईंची चाल आणि वाणी जयराम यांचा स्वर लाभलेली, पुढे पडद्यावरून उतरून खऱ्याखुऱ्या शाळांच्या परिपाठात जाऊन बसली.